बुटक्या डब्याची बाजू

शेजारीशेजारी दोन डबे ठेवा. एक उंच, सडपातळ: आतला व्यास ८ सेंटीमीटर, उंची २०. दुसरा बुटका, बसका: व्यास १२, उंची अवघी ९. जास्त कशात मावेल असं विचारलं की बोट आपसूक उंच डब्याकडे जातं. हिशेब मांडला तर उंच डब्यात साधारण १००५ घन सेंटीमीटर, म्हणजे लीटरभर, बुटक्यात १०१८. निम्मीही उंची नसलेला गडी वर थोडा पुढेच!

वृत्तचितीच्या, म्हणजे अशा गोल डब्याच्या, घनफळाचं सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं: पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. घोकताना एक गोष्ट निसटते. उंची त्यात एकदाच येते, त्रिज्या दोनदा. उंची दुप्पट केली तर घनफळ दुप्पट, त्रिज्या दुप्पट केली तर थेट चौपट. डोळ्याला मात्र वर्ग करता येत नाही. तो उंची बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांसमोर रुंद पेल्यातलं पाणी अरुंद पेल्यात ओतून दाखवलं, तेव्हा मुलं म्हणाली, पाणी वाढलं. मोठेपणी आपण ओतलेल्या पाण्याला फसत नाही, पण समोर दोन निराळे डबे आले की गाडी पुन्हा तिथेच अडते.

खात्री करायला ए-फोर आकाराचा कागद पुरतो. २१ बाय २९.७ सेंटीमीटर. तो उभा गुंडाळून कडेला कड जुळवली तर उंच नळी होते, तिच्यात सुमारे १०४२ घन सेंटीमीटर जागा. तोच कागद आडवा गुंडाळला तर नळी बुटकी होते आणि जागा होते १४७४! कागद एकच, एक चिमूटही जास्त लागला नाही, तरी जवळजवळ दीडपट. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात कापडाच्या पोत्याबद्दल हेच सांगितलं होतं: तेच कापड, पण बुटकं पोतं शिवलं तर धान्य जास्त मावतं.

पायची किंमत बावीस सप्तमांश घ्यायची की ३.१४, यावर जो वाद घातला जातो तो मला निव्वळ चैनीचा वाटतो. बावीस सप्तमांशाने होणारी चूक शेकडा ०.०४ आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये आहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून काढलेल्या पपायरसात, म्हणजे त्या काळच्या कागदी गुंडाळीत, गोल कोठाराचं गणित आहे: व्यास ९, उंची १०. व्यासाचा नववा भाग वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. ६४ गुणिले १०, म्हणजे ६४०. पायचं नावही न घेता चूक शेकड्यात एकापेक्षा कमी! आपली खरी गळती असते पट्टीत. डब्याचा व्यास बाहेरून १० सेंटीमीटर मोजला आणि भिंत तीन मिलिमीटर जाड निघाली, तर आतला व्यास ९.४. फरक दिसायला क्षुल्लक, पण वर्ग झाल्यावर घनफळ शेकडा बारा-एकाने घसरतं. तिथे पायचे पुढचे दशांश काय कामाचे?

आणि हाच डबा आडवा पडला की हिशेब आणखी चेष्टेखोर होतो. आडव्या गोल टाकीत काठी बुडवून बघतात. काठी अर्ध्या व्यासापर्यंत ओली असेल तर टाकी अर्धी, इथवर ठीक. पण चौथ्या भागापर्यंत ओली असेल तर टाकीत पाव भाग नसतो, पाचव्या हिश्श्याहूनही थोडं कमीच असतं. म्हणून अशा काठीवर सारख्या मापाच्या खुणा सारख्या अंतरावर आखून चालत नाहीत. मधोमध त्या दाटीने येतात, तळाशी आणि माथ्याशी विरळ होत जातात.