जप मोठ्यानेच करायचा?

"सर, मी मनातच म्हणतो. चालतंय न्हवं?"

आज सकाळी टिळकवाडीतल्या योगवर्गात शेजारच्या चटईवरच्या काकूंनी विचारलं. "नाही काकू, आवाज बाहेर आला पाहिजे," सर म्हणाले. काकू गप्प बसल्या.

पण त्यांचे ओठ किंचित हलत होते. अंगठा बोटांच्या एकेका पेरावरून सरकत होता, आणि श्वास इतका संथ की खांदेसुद्धा हलत नव्हते. बाकीचे आम्ही जोरात ओंकार लावत होतो, त्यातल्या निम्म्यांना धाप लागलेली.

दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. वाचिक (मोठ्याने), उपांशु (नुसते ओठ हलवत, पुटपुटत), मानस (मनातल्या मनात) असे जपाचे तीन प्रकार आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि मानस जप तर श्रेष्ठ मानलाय. योगसूत्रांत पतंजली म्हणतात, 'तज्जपस्तदर्थभावनम्'. जप करा, अर्थाशी मन लावा. आवाज किती हवा, हे त्या सूत्रात कुठेच नाही.

मोठ्याने म्हणण्याचा फायदा आहेच. ओंकारातला 'म'कार लांबवला की उच्छ्वास आपोआप लांबतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका अभ्यासात मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण ६ वर आलेला दिसला. ख्रिस्ती लोकांच्या लॅटिनमधल्या जपमाळेच्या प्रार्थनेनंही तेच झालं.

आपल्या बेळगावात कुणाच्या घरी हरिपाठ, कुणाच्या घरी 'ॐ नमः शिवाय'. वर्गात येण्याआधीच माणूस आपला जप घेऊन आलेला असतो. काकूंचा तर वर्षानुवर्षांचा असणार. तो सोडून सगळ्यांच्या सुरात सूर मिळवायला त्यांना का सांगायचं?

तुमच्या वर्गात मनातल्या जपाला मुभा आहे का?