पताकांपासून पाच हात

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि दोन रविवार मी कागद पुढ्यात घेऊन बसले. शाळेनं मला पुष्कळ दिलं. पण प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच लेखणी मैदान ओलांडून पोहण्याच्या टँककडे वळायची. शेवटी ठरवलं, टँकवरच्या सरांबद्दलच लिहायचं. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 'टँकवरचे सर' म्हटलं की आपल्यातल्या कुणालाही दुसरं कुणी आठवणार नाही.

सर राज्य विजेते होते, १०० मीटर बॅकस्ट्रोकचे, म्हणजे पाठीवर पोहण्याचे. हे आम्हाला त्यांच्याकडून नाही, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फोटोवरून कळलं. 'सर, तुमची वेळ किती होती?' असं विचारलं की ते शिट्टी तोंडात धरायचे आणि आम्हाला आणखी दोन लॅप मारायला लावायचे. पण त्यांचं वळण, म्हणजे टँकच्या टोकाला भिंतीपाशी उलटं फिरणं, आम्ही पाहिलं होतं. तेव्हाच्या नियमानुसार बॅकस्ट्रोकमध्ये पाठीवरच राहून हातानं भिंतीला स्पर्श करावा लागे. तो होण्याआधी पालथं झालं की बाद. सरांचा हात भिंतीला लागायचा, गुडघे पाण्याबाहेर यायचे आणि भोवऱ्यासारखी गिरकी घेऊन ते परतीच्या वाटेला लागलेले असायचे. पाण्याचा आवाजसुद्धा व्हायचा नाही.

शिकवण्याची त्यांची रीत आठवली की अजूनही मान आपोआप स्थिर होते. कपाळावर अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून २५ मीटर पोहायचं. पेला पडला की पुन्हा भिंतीपासून. खांदे फिरू देत, कंबर फिरू दे, डोकं मात्र जागचं हलता कामा नये. हात पाण्यात शिरताना करंगळी आधी. वळल्यावर नाकात पाणी जातं म्हणून नाकानं हळूहळू हवा सोडत राहायचं. आणि टँकवर आडव्या बांधलेल्या त्या पताका! भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्यापासून १.८ मीटर उंच. पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही, त्याला दिसतात त्या पताका. तिथून किती हात मारले की भिंत येते, हे ज्यानं त्यानं मोजून पक्कं करायचं. माझे पाच हात होते. आज झोपेतून उठवून विचारलं तरी पाचच सांगेन.

सरांकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांची एक वही होती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं पान त्यांनी आम्हाला कितीदा वाचून दाखवलं असेल! अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीचे तीसहून जास्त मीटर पाण्याखालून, नुसत्या पायांच्या जोरावर जायचा. प्राथमिक फेरीत त्यानं विश्वविक्रम केला, पण अंतिम फेरीत जपानच्या दाइची सुझुकीनं ५५.०५ सेकंदांत सुवर्णपदक नेलं. बर्कॉफ ५५.१८. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली, आधी १० मीटरची आणि मग १५ मीटरची. त्यापाठोपाठ १९९१ मध्ये वळणाचा नियमच बदलला. आता हातानं स्पर्श नको. भिंतीजवळ आल्यावर पालथं व्हायचं, सलग कोलांटी घ्यायची, पायांनी भिंत ढकलायची आणि पुन्हा पाठीवर यायचं. ज्या वळणावर सरांनी नाव कमावलं, ते एका वर्षात जुनं झालं.

तेव्हा मी नववीत होते. मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथून पुढची.

एक दिवस मी चुकून अर्धा तास लवकर पोचले. टँकवर कुणी नव्हतं. पाण्यात एकटे सर होते. पताकांखालून आले, पालथे झाले आणि भिंतीपासून हातभर लांबच कोलांटी घेतली. पाय हवेत तसेच राहिले आणि सर ठसका लागून वर आले. मी खांबाआड सरकले. सरांच्या नाकातोंडात पाणी गेलेलं मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी ते भिंतीच्या इतके जवळ आले की टाच काठावर आपटली. त्याचा आवाज मला खांबाआडही ऐकू आला.

त्यांनी मला पाहिलंच. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "आलीस? बरं झालं. इथं भिंतीपाशी उभी राहा. पालथा झाल्यावर मी थांबलो, नुसता तरंगलो किंवा एक जरी जास्तीचा पाय मारला, तरी हात वर करायचा."

ते परत आले. पालथे झाले आणि अगदी स्पष्ट, एक पाय जास्तीचा मारला. माझा हात काही वर गेला नाही.

"पाय मारला ना मी?"

"हो, सर."

"मग हात कुठं होता?"

"सर, तुम्ही…"

"तू तिथं उभी आहेस तोवर मी सर नाही. हात वर."

मग मी हात वर केला. त्या सकाळी अकरा वेळा केला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले, तिसऱ्या दिवशीही. टाचेला पट्टी बांधून सर पाण्यात उतरलेले असायचे. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण एकदा माझा हात खालीच राहिला. मला टाळ्या वाजवायच्या होत्या. सर वर आले, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "आणखी दहा." त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी सगळ्या बॅचला नवं वळण शिकवायला घेतलं. आमच्यातला कोण कुठं चुकणार, हे त्यांना आम्ही चुकण्याआधीच कळायचं.

त्या वळणावर पुढे मला राज्य स्पर्धेत पदक मिळालं. पोहणं थांबल्यावर मी पंचांची परीक्षा दिली. आज कित्येक वर्षं स्पर्धांमध्ये मी भिंतीच्या बाजूला, लेनच्या टोकाशी उभी असते. माझं काम तेच, वळण बघायचं. एकदा रिलेत बॅकस्ट्रोक पोहणारी आपल्याच शाळेची मुलगी माझ्या लेनमध्ये आली. सर समोर बाकावर बसले होते. मुलगी पालथी झाली आणि भिंतीपर्यंत पाय मारत गेली. मी हात वर केला. आपला संघ बाद झाला, मुली रडल्या, काही पालक माझ्याकडे तावातावानं आले. सर सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी एवढंच विचारलं, "तरंगली, की पाय?" मी म्हटलं, "पाय, सर. दोन." त्यांनी मान हलवली आणि त्या मुलीला घेऊन सरावाच्या तलावाकडे गेले.

हल्ली प्रशिक्षकांच्या हातात मोबाइल असतो. पाण्याखालचं चित्रण होतं, प्रत्येक वळण हवं तितकं संथ करून दाखवता येतं. मुलांना त्याचा फायदा होतो, हे मी रोज बघते. पण प्रशिक्षक दिवसभर कोरडाच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच कात्रणांच्या वहीत जेम्स काउन्सिलमन यांचंही पान होतं. स्वतः ब्रेस्टस्ट्रोकचे, म्हणजे छातीवर पोहण्याचे विजेते, मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक, नामवंत जलतरणपटू मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखाली घडला. १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी स्वतः इंग्लिश खाडी पोहून पार केली. सर ते पान वाचायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

सर आता थकलेत, पण महोत्सवाला येणार असल्याचं कळलं. संयोजकांना माझी एवढीच विनंती आहे की कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लवकर टँक उघडा ठेवावा आणि पताका बांधलेल्या असाव्यात. सरांना पाण्यात उतरावंसं वाटलं, तर भिंतीपाशी उभं राहायला मी येईन.