लायडनहून सोलापूरकरांसाठी: मिश्रणाचं गणित वेगळंच

आपल्या मे महिन्याच्या उन्हात भिंतीवर टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. या वायूचं क्रांतिक तापमान फक्त ३१ अंश. त्याच्या वर गेलं की कितीही दाबा, द्रव होत नाही.

इथे नेदरलँड्समधल्या लायडनला हे मी पात्राच्या जाड सफायरच्या काचेतून बघते. द्रव आणि वाफ यांच्यामधली रेघ आधी पुसट होते, मग सगळं दुधाळ, तपकिरी झाक आलेलं दिसतं, आणि रेघ गायब! थंड करायला घेतलं की पात्रभर धुकं दाटतं. कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही.

दोन पदार्थ मिसळले की मात्र नियमच बदलतात. मिश्रणात क्रांतिक तापमानाच्या थोडं वरही द्रव तयार होऊ शकतो, आणि तोही दाब कमी करताना! दाब आणखी उतरवला की त्याची पुन्हा वाफ होते. डच भौतिकशास्त्रज्ञ कुएनेन यांनी १८९२ मध्ये लायडनलाच कार्बन डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइडच्या मिश्रणावर हे दाखवलं. मिश्रणांचा सिद्धांत आणखी एक डच भौतिकशास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांनी १८९० मध्ये मांडला होता. सुताराचा मुलगा, आधी शाळामास्तर, पुढे १९१० चं नोबेल. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. नैसर्गिक वायूच्या काही विहिरींतही हेच घडतं: दाब उतरला की मोलाचा द्रव खडकातच अडकून राहतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचे माग आहेत. फोनवर त्यांनी विचारलं, "पाण्याशिवाय रंगवतात म्हणे तुमच्याकडे? आपल्या चादरीला चालेल का गं?" नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा प्रश्न साधा नाही.

काका, पॉलिस्टरला चालतं. साधारण १२० अंश आणि २५० बारला (हवेच्या दाबाच्या जवळपास २५० पट) रंग कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतो आणि धाग्यात शिरतो. मग दाब उतरवला की उरलेला रंग वेगळा होतो आणि वायू पुन्हा वापरता येतो. सुती चादरीचे रिअॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) मात्र क्षारासारखे. ते या वायूत जवळजवळ विरघळतच नाहीत. म्हणून त्यात थोडं अल्कोहोल मिसळून पाहतात. पण मिसळलं की ३१ चा आकडा उपयोगाचा राहत नाही. किती अल्कोहोलला किती दाब, कुठे एकजीव राहतं आणि कुठे दोन थर पडतात, हे प्रत्येक प्रमाणाला नव्यानं मोजावं लागतं. थर पडले तर कापडावर डाग येतात. तेव्हा सुतासाठी यंत्र घ्यायची घाई आत्ता करू नका.