घरातली रेल्वे

मंगळवार, रात्री साडेदहा

पोरं झोपली एकदाची. आज लिहायलाच हवं, उद्या दळणाच्या गडबडीत राहून जाईल.

आमच्या बालगृहात एक दहा वर्षांचा मुलगा आहे. (नाव लिहीत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानं बंदीच आहे, नसती तरी लिहिलं नसतं.) चौथ्या वर्षापासून इथंच. "आमच्या घरात रेल्वे होती" म्हणतो, मग बाकीची पोरं त्याला 'स्टेशनमास्तर' म्हणून पिडतात. मीही वर्षभर ती थापच समजत होते.

शनिवारी बाल कल्याण समितीच्या कामासाठी त्याची फाईल काढली. 'आई मयत. वडील व्यसनी. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक.' दरवर्षी तीच वाक्यं उतरवलेली. वडिलांच्या धंद्यापुढं मात्र दोन शब्द: यंत्रमाग कामगार. पत्ता सोलापूरच्या पूर्व भागातला.

आज अधीक्षकांना विचारून त्याला तिकडं नेलं. जुन्या गल्लीत मुद्दाम गेलो नाही, ते अजून झेपायचं नाही. अशोक चौकापलीकडं एका बोळात वळलो आणि खटक-खटक, खटक-खटक. पोरगा जागीच थांबला. हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. दारातून टॉवेलचे माग दिसत होते, चालवणाऱ्याच्या केसांवर कापसाचं तूस. शेजारच्या दारातून एक बाई लेकराला ओरडली, "इटु रा!" म्हणजे 'इकडं ये'. वळून बघितलं ते यानं. त्याला तेलुगू कळतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यालाही नसावं.

"ताई, हीच रेल्वे." मग बऱ्याच वेळानं, "म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत."

रिक्षात विचारलं, "मी रात्री रडायचो म्हणून पप्पांनी सोडलं का?"

'येतील हं पप्पा' म्हणावंसं वाटलं. त्या बापाला चार शिव्या घालाव्याशाही वाटल्या. दोन्ही गिळलं. "रडण्यामुळं नाही रे. लहान लेकरं रडतातच. पप्पांची दारू सुटेना, आई गेल्यावर तुला सांभाळणं त्यांना जमलं नाही."

"आता कुठंयत?"

"मला माहीत नाही."

संध्याकाळी नवीन वही दिली. पहिल्या पानावर माग काढला, खाली रूळसुद्धा. दुसरं पान आईचं, त्यावर नुसती हिरवी साडी. तिसरं पप्पांचं, कोरं. पेन पुढं केलं तर म्हणाला, "नको ताई, पेन्सिल द्या. खोडता येते."

उद्या आणायची आहे.