जांबोटी, जळवा आणि किंजळीचा फुटवा

पुण्याहून रात्रीची ट्रेन, सकाळी बेळगाव, स्टँडवर पुरीभाजी आणि मग कणकुंबीची लाल बस. बसला मरणाची गर्दी, जांबोटीपर्यंत उभ्यानेच आलो. पण एका आजींनी न विचारताच माझी सॅक मांडीवर घेतली, त्यामुळे बसबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाड्या थांबवून बाटल्या फेकणाऱ्यांची. शनिवार होता, चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांची रांग लागलेली आणि प्रत्येक वळणावर काचा. मला खरंच राग येतो याचा. याच डोंगरात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि भीमगडच्या जंगलातून म्हादई निघते ती पश्चिमेला गोव्यात उतरते. दोन्हीकडच्या लोकांचं पाणी इथलं जंगल धरून ठेवतं आणि आपण तिथे काय टाकून जातो!

मी गेलो होतो मित्राच्या मामांचं पडलेलं रान बघायला. चार एकर मालकी जमीन, आजोबांच्या वेळेला जंगलच होतं, मग ते तोडून अकेशिया लावला, कारण तो भराभर वाढतो, गुरं तोंड लावत नाहीत आणि लाकडाचे पैसे होतात. झाड मूळचं ऑस्ट्रेलिया-पापुआ न्यू गिनीकडचं. सगळी एकाच वयाची, एकाच जातीची, आणि मे महिन्यात वळवाचा वारा असा आला की कुणाच्या फांद्या मोडल्या, कुणी मुळासकट आडवं. मामा म्हणाले, "एका जातीची होती, एका वाऱ्यात गेली."

आता तिथे मिश्र लावणी चाललीय. वरच्या उताराला ऐन आणि किंजळ, कारण उन्हाळ्यात पानं गाळून ती पाणी वाचवतात आणि ऐनाची जाड साल वणवाही बऱ्यापैकी सोसते (शेजारच्या कन्नड गावात ऐनाला मत्ती म्हणतात). ओढ्याकडेला जांभूळ आणि उंबर, मधे हिरडा, बेहडा. उंबर वर्षातून कितीदा तरी फळतो, त्यामुळे पाखरं येतात आणि येताना इतर झाडांच्या बियाही आणतात. जांभळाची बी वाळली की गेली, म्हणून मामींनी ती खाल्ल्या खाल्ल्या पिशव्यांत टोचलेली, आणि एकेका बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब आलेले. पाऊस कमी झाला, उशिरा झाला, कीड आली, तरी यातलं काहीतरी उभं राहीलच असा हिशोब. उभे राहिलेले अकेशिया मात्र मामांनी इतक्यात काढले नाहीत, रोपांना दोन-तीन वर्षं सावली हवी म्हणून.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन मीही रोपांभोवतीचं गवत काढायला लागलो. धो धो पाऊस, पायाला जळवा, पण मजा येत होती, आणि मी सपासप कापत सुटलो. मामा लांबून ओरडले, "थांबा थांबा! काय कापायलात?" जवळ आले, खाली बसले, मी कापलेलं उचललं. गवताबरोबर एक हिरवा धुमारा गेला होता. त्यांनी हाताने माती बाजूला केली तर खाली एक जुना, काळा पडलेला खुंट. किंजळीचा. आजोबांच्या वेळी तोडलेल्या झाडाचा. इतकी वर्षं अकेशियाच्या खाली तो जरा फुटायचा, साफसफाईत परत कापला जायचा, परत फुटायचा. आणि या वेळी कापणारा मी.

मला फार वाईट वाटलं. मामा रागावले नाहीत, "फुटंल परत, मूळ जित्तं हाय" एवढंच म्हणाले आणि मग मला घेऊन सगळं रान फिरले. चार एकरांत असे एकोणचाळीस खुंट सापडले, ऐनाचे, किंजळीचे, दोन नाणा नावाच्या झाडाचे. विकतचं रोप जगेल की नाही याची धाकधूक असते, याचं मूळ तर आधीच खोल गेलेलं. ज्याला कुणाला झाडं लावायला जायचंय त्याने आधी एक दिवस नुसतं वाकून बघत फिरावं, मी हे न करता विळा चालवला म्हणून सांगतोय.

संध्याकाळी अळंबीची भाजी आणि भाकरी. तिसरा दिवस परतीचा.

फुटवे लांबून दिसावेत म्हणून मामा प्रत्येकाशेजारी काठी रोवून तिला चिंधी बांधतात. घरातल्या चिंध्या एकविसाव्या खुंटाला संपल्या. बसमध्ये चढताना मामी म्हणाल्या, "परत येताना जुनी लुगडी-साड्या आणा, भडक रंगाच्या." आईच्या तीन मिळाल्यात, एक लाल, दोन पिवळ्या. दिवाळीच्या आत पोचवायच्यात, नंतर गवत कापणी सुरू होते.