वरातीतली ‘गरीब’ घोडी

वरातीतली घोडी एकदा बिथरली की मालक बहुतेक वेळा ती विकून मोकळा होतो, कारण नवरदेवाला पाडणाऱ्या घोडीची बातमी पंचक्रोशीत पसरायला वेळ लागत नाही आणि मग पुढच्या सगळ्या तारखा कॅन्सल. मी सांगतेय त्या घोडीच्या मालकांनी, शेठनी, विकली नाही, आमच्याकडे आणून सोडली. मुळशीच्या बाजूला छोटंसं रायडिंग स्कूल आहे, तिथे मी शिकवते. घोडीचं नाव मैना, नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र आणि नाकाची कातडी गुलाबी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तापीकाठी दत्तजयंतीला तो घोडेबाजार भरतो तिथे नुकऱ्याला भाव चांगला मिळतो, लग्नाच्या फोटोत पांढरं जनावर उठून दिसतं ना.

शेठ म्हणाले, "मॅडम, घोडी एकदम गरीब आहे हो. बँड वाजू दे, डीजे वाजू दे, जागची हलत नाही. फक्त मधेच एखाद्या वेळी काय होतं कुणास ठाऊक, डायरेक्ट उडते."

हे "फक्त मधेच" ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. त्यांनी लगेच डेमो पण दिला, तबेल्याच्या छपरावर पावसाळ्यात घालायची निळी ताडपत्री खाली काढून ठेवली होती ती उचलून तिच्या बाजूला फडफडवली. मैना खरंच हलली नाही. शेठ खूश. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. नाकपुड्या ताणलेल्या, हनुवटीची कातडी दगडासारखी आवळलेली, शेपूट दाबून धरलेलं, कान कुठेच फिरत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती श्वासच घेत नव्हती. बराच वेळ बरगड्या हलल्याच नाहीत. मी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला. आरामात उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 च्या आसपास असतात, हिचे 90 च्या वर चाललेले, आणि बाहेरून घोडी पुतळा.

म्हणजे ती शांत नव्हतीच, थिजलेली होती. वरातीत पुढे बँड, दोन्ही बाजूला नाचणारी माणसं, मागून ढकलाढकली, आणि तोंडात काटेरी लगाम (ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत यावर बंदी आहे, बाजारात बिनधास्त मिळतो). पळायला जागा नाही, मान हलवली की जीभ सोलवटते. अशा ठिकाणी घोडं लवकर शिकतं की घाबरलेलं दाखवून काही उपयोग नाही. दाखवत नाही पण आत साठत राहतं, आणि दूध जसं वर येईपर्यंत गप्प असतं तसं एक दिवस सरळ उतू जातं. लोक म्हणतात काही कारण नसताना उडाली. कारण ढीगभर असतात, कुणी वाचलेली नसतात.

पहिलं काम, काटेरी लगाम काढला, झापडं काढली, साधी सुती म्होरकी घातली आणि तिला आमच्या बादशाहबरोबर पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या जागेत सोडून दिली. बादशाह म्हातारा, रेसमधून रिटायर झालेला, शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी कडबा खाणं थांबवत नाही. बरेच दिवस काहीच केलं नाही. खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, तो पण मोकळं सोडून, तिला नको असेल तर तिने निघून जायचं. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या सईसमामांना हे अजिबात पटेना. "अहो मॅडम, बांधल्याशिवाय खरारा कसा व्हायचा?" पण खांद्याच्या वर मानेच्या मुळाशी खाजवलं की तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला, तेव्हा मामाच म्हणाले, "हिला जमतंय."

मग ताडपत्री. ताडपत्री घोड्याकडे न्यायचीच नाही. मी ती हातात धरून तिच्यापासून लांब चालत जायचे, फरफटत, आणि मामा मोकळ्या दोरीने तिला मागून आणायचे. लांब जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती कमी आणि उत्सुकता जास्त असते, आपण तिला पळवून लावतोय असंच त्याला वाटत असावं. ती थांबली की मी पण थांबायचे. तिने मान खाली करून फुर्र केलं, ओठ चाटले, की ताडपत्री टाकून सगळं बंद, त्या दिवसापुरती सुट्टी. आणि डाव्या बाजूने जमलं म्हणून उजवीकडून जमेल असं धरून चालायचं नाही, उजवीकडून तीच ताडपत्री तिच्यासाठी नवी कोरी असते, परत पहिल्यापासून.

आता गंमत. मैना सुधारायला लागली तशी ती ‘बिघडली’. आधी पुतळा असायची ती आता बिचकायला लागली, पिशवी दिसली की बाजूला उडी, बादली पडली की गर्रकन वळून बघणार, दोनदा मामांच्या हातातून दोरी सोडवून पार कोपऱ्यात. नेमके शेठ त्याच आठवड्यात बघायला आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "मॅडम, घोडी चांगली होती हो, तुम्ही तर वाट लावली." मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की त्यांना समजावताना मीच जास्त उत्साहात बोलत होते, आणि त्यांना काय ते पटलं नाही. बिचकून दाखवणारी घोडी मला सांगत असते कुठे थांबायचं. शिवाय ती कोपऱ्यात पळाली तरी स्वतःहून वळून परत बघत होती, हे महत्त्वाचं.

खोगीर चढवलं ते त्यानंतरच. आधी रिकिबीत पाय ठेवून नुसतं वजन द्यायचं आणि उतरायचं, मग बसायचं पण हलायचं नाही, मग बादशाहच्या मागे कदम, म्हणजे नुसती चाल, मग त्याच्या बाजूने, मग थोडी दुडकी. मान ताणली की नवशिका रायडर दोन्ही लगाम खेचतो, आणि या घोडीला तेच नको होतं, खेचलं की जुनं सगळं आठवतं. एका हाताने हलकं वळवायचं, आणि आपण श्वास सोडायचा, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असा.

ज्या दिवसाबद्दल खरं तर लिहायला बसले तो दिवस आषाढातला. गणपती जवळ आले की पुणे जिल्ह्यात ढोलताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू होते, आमच्या रस्त्याच्या पलीकडच्या मैदानात पण एक पथक येतं. मला वाटलं होतं संध्याकाळी येतील, म्हणून दुपारीच मैनाला घेऊन बाहेर पडले, पुढे बादशाहवर माझी एक स्टुडंट. वळणावर आलो आणि ताशा कडाडला. मग सगळे ढोल एकदम. पन्नास पावलांवर.

मैना थिजली. मांडीखाली मला ते कळलं, पाठ फळीसारखी झाली, श्वास बंद. मी लगाम सैल सोडला (हे लिहायला सोपं आहे, हात ऐकत नाहीत) आणि उजवीकडे किंचित वळवलं, म्हणजे तिला जायचं तर जाऊ दे. ती गेली पण. उलट दिशेने पाच-सहा उड्या, माझी एक रिकीब सुटली. आणि मग मी काहीही न करता ती थांबली. वळली. कान दोन्ही पुढे, मैदानाकडे बघतेय, नाकपुड्यांतून अशी फुरफुर की समोरच्या टपरीवाल्याने चहा गाळायचं थांबवलं. एक कान माझ्याकडे आला. परत पुढे गेला. मग तिने भर रस्त्यात लीद टाकली, मान झटकली आणि बादशाहच्या दिशेने चालायला लागली. ढोल चालूच होते. मैदानाला समांतर आम्ही पुढे गेलो, ती तिरकी तिरकी चालत होती, एक डोळा सतत तिकडे, पण श्वास चालू होता, मला बरगड्या हलताना कळत होत्या.

स्टुडंटने व्हिडिओ काढलेला, मी शेठना पाठवला. त्यांनी आधी उडीच पाहिली असणार, कारण उत्तरात नुसते तीन प्रश्नचिन्ह आले. मग रात्री फोन. मी स्पष्ट सांगितलं, डीजे आणि फटाक्यांच्या गर्दीत ही घोडी परत घालू नका, ताडपत्री आणि लांबचे ढोल वेगळे आणि कानाशी फुटणारी माळ वेगळी, कुठलंही ट्रेनिंग त्याला पुरत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचे ॲडव्हान्स त्यांनी घेऊन ठेवले होते, त्यामुळे थोडी वादावादी झाली. शेवटी म्हणाले वरातीला भाड्याने दुसरी आणतो, हिला पोरीसाठी ठेवतो, नऊ वर्षांची आहे, शिकेल हिच्यावर.

म्हटलं शिकू दे की, पण आधी सहा महिने बादशाहवर बसवा.