पगाराच्या दिवशीच बचत: माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबनीस आहे. सात तारखेला २६,००० रुपये पगार खात्यात जमा होतो. यातून दरमहा ठरावीक बचत करायचीच, असे मी आणि पत्नीने ठरवले, तेव्हा आधी मागच्या वर्षभराच्या पावत्या आणि पासबुक पुढ्यात घेऊन बसलो.

किराणा, दूध, गॅस, वीज यांत काटकसरीला फारसा वाव नव्हता. बचत मोडत होती ती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांमुळे. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची मालदांडी ज्वारी आणि गहू भरायचा, जूनमध्ये शाळेचे शुल्क आणि गणवेश, मग दिवाळी, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यासाठी येणारे पाहुणे, शिवाय दुचाकीचा विमा, घरपट्टी आणि उन्हाळ्यातील पाण्याचा टँकर. हे सारे मिळून वर्षाला ४८,००० रुपये होत होते. यांतील एकही खर्च अचानक येणारा नव्हता, तरीही प्रत्येक वेळी त्या महिन्याच्या पगारावर त्याचा भार पडत असे. म्हणून ४८,००० ला बाराने भागून दरमहा ४,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकायला सुरुवात केली आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घेतलेच नाही.

खऱ्या बचतीसाठी टपाल कार्यालयात दरमहा २,००० रुपये हप्त्याचे आवर्ती ठेव (आरडी) खाते उघडले. त्याची मुदत पाच वर्षांची असते. ६.७ टक्के व्याजदराने भरलेल्या १,२०,००० रुपयांचे मुदतीअखेर सुमारे १,४२,७०० रुपये होतात. खाते १५ तारखेच्या आत उघडले, तर पुढचे हप्तेही दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरता येतात, त्यामुळे सात तारखेचा पगार आणि हप्ता यांचा मेळ बसला. हप्ता चुकल्यास शंभर रुपयांमागे एक रुपया दंड लागतो. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, ही सोय मला मोलाची वाटली, कारण अडचणीत खाते मोडावे लागत नाही. भिशीची चौकशीही केली होती, पण तिथे सगळा भरवसा चालवणाऱ्यावर असल्यामुळे तो मार्ग सोडला.

दोन्ही रकमा पगाराच्या दिवशीच वळत्या करतो आणि उरलेल्या २०,००० रुपयांत महिना चालवतो. पहिले काही महिने ओढाताणीचे गेले. जूनचे शुल्क मात्र चालू पगाराला हात न लावता भरता आले, आणि तेव्हापासून पत्नीने भाजी-किराण्याचा हिशेबही आपणहून वहीत लिहायला घेतला. आजारपणासाठी वेगळी रक्कम अजून जमलेली नाही. यंदाच्या दिवाळीचा बोनस मिळाला, की तो पूर्ण त्यासाठीच ठेवायचा, असे आमचे ठरले आहे.